शिकणारी गाडी

इसरू मडावीच्या जीपमध्ये बसलेली एकाही मुलीचा अकरा वर्षांत दहावीचा पेपर चुकला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात लोकांनी नाव त्याचं घेतलं, आणि घ्यायला हवं होतं माझं.

मी ज्योत्स्ना. माहेर नागभीडचं, नोकरी जिवतीच्या डोंगरावर, सोनगुड्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्याची. स्वभाव तापट आहे. मुलं मला मागून 'तवा' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. एकच गोष्ट कुणी दुसऱ्यांदा विचारली की माझं डोकं फिरतं. ज्या बाईला दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा, तिने मास्तरकी सोडून दुसरं काहीतरी करायला हवं होतं. पण बावीस वर्षं झाली, आता काय!

इसरू शेहेचाळीसचा. जातीने गोंड, शिक्षण चौथी. आमच्या डोंगरावर डांबरी रस्ता झाला तेव्हा तो ठेकेदाराच्या पाण्याच्या टँकरवर कामाला होता, तिथेच गाडी शिकला. सोनगुड्याहून दहावीचं परीक्षा केंद्र पस्तीस किलोमीटर, खाली गडचांदूरला, आणि मध्ये घाट. बारा वर्षांपूर्वी त्याची पोरगी दीपिका दहावीला होती. विज्ञानाच्या पेपरला ज्या टेम्पोने जायचं, तो आलाच नाही. बापलेक घाट पायी उतरायला लागले. अर्ध्या वाटेत एका ट्रकवाल्याने घेतलं, पण केंद्राचं फाटक बंद झालेलं. पोरगी पुन्हा परीक्षेला बसली नाही, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. इसरूने यावर कधी भाषण दिलं नाही. बैलजोडी विकून जुनी जीप घेतली आणि मार्च महिना आला की गाडीवरचं बाकी सगळं भाडं बंद. बाजाराची पोती नाहीत, टपावर माणूस नाही, गाणी नाहीत. समोरच्या कप्प्यात निळ्या पेनांचं पाकीट, कुणी विसरली तर असावं म्हणून. मुली मागे, मी पुढे त्याच्या डाव्या हाताला. मी घाटभर व्याकरण घोकून घ्यायची आणि इसरू गाडी हाकता हाकता ऐकायचा. एकदा कुणाला तरी सांगत होता, "माह्या गाडीले पास्ट टेन्स येते."

या वर्षी फेब्रुवारीत त्याची जीप घाट चढताना दमायला लागली. गाडी जुनी, चढ तोच, त्यात नवल काही नव्हतं. पण त्याने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. काड्यापेटीएवढी एक डबी, स्टिअरिंगखालच्या खाचेत नुसती खोचायची, की गाडीची ताकद वाढते आणि अ‍ॅव्हरेजही वाढतं. किंमत कोंबडीएवढी. पार्सल डोंगरावर येत नाही, ते जिवतीच्या पानठेल्यावर आलं. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्याने ती डबी बसवली. त्याच्या बायकोने, मंगलीने, डबीला हळदीकुंकू लावलं, वर तांदळाचे चार दाणे टाकले. आपल्याकडे घट बसवतात, गणपती बसवतात, पंपाची मोटार बसवतात आणि चिपही बसवतात. शब्द एकच, म्हणून मानही एकच. बसवलेली वस्तू मुदत भरल्याशिवाय हलवायची नाही, असं मंगलीने बजावलं.

डबीबरोबर एक कागद होता. इंग्रजीतला. तो घेऊन इसरू संध्याकाळी माझ्या दारात आला. मी सराव परीक्षेचे पेपर तपासत होते, आणि रिना नावाच्या मुलीने भूतकाळाचा जो मुडदा पाडला होता त्यावर धुमसत होते.

"बाई, हे वाचून सांगा ना जरासं."

मी कागद घेतला. बारीक अक्षर, मोडकीतोडकी इंग्रजी. भराभर वाचत गेले आणि सांगत गेले. पहिले दोनशे किलोमीटर गाडी हळू चालवायची. तेवढ्यात ही डबी तुमची चालवण्याची पद्धत शिकते. तोवर काढायची नाही. शिकताना लाइट लुकलुकेल, घाबरायचं नाही.

"कोन्ता लाइट?" इसरूने विचारलं.

कागदावर लिहिलं होतं. त्याच ओळीत, पुढचे तीन शब्द. ते मी वाचलेच नव्हते. पुन्हा वाचायला दोन क्षण लागले असते.

"अहो, लाइट म्हणजे लाइट!" मी म्हटलं. "तुमच्या समोर जो लागतो तो. आणखी किती लाइट असतात गाडीला?"

"नाई, बराबर हाये," इसरू म्हणाला. कागदाची चार घड्यांची घडी घालून त्याने तो खिशात ठेवला आणि गेला. मी रिनाच्या पेपरवर लाल शाईने फुली मारली.

सोमवारी मराठीचा पेपर होता. सात मुली, मी आणि इसरू. घाट उतरताना जीप इतकी गुपचूप चालली होती की मीच विचारलं, इंजिन बंद आहे की काय? इसरू हसला. उतारावर तो गाडी न्यूटरलला टाकत होता. एरवी तो असं कधी करायचा नाही, न्यूटरल मारणाऱ्या पोरसवदा ड्रायव्हरांना तो शिव्या द्यायचा. पण कागदात हळू चालवायला सांगितलं होतं, आणि अ‍ॅव्हरेज किती वाढतं तेही त्याला बघायचं होतं. येताना घाट चढताना म्हणाला, "पाहा बाई, जिथी सेकंड लागत होता तिथी थर्डमदी चढून राह्यली. पिकअप गजब वाढला."

मी तरी काय, मान डोलावली. आज शांतपणे विचार केला की हसू येतं आणि हसण्याची लाजही वाटते. गाडीत एरवीची दहा धडधाकट माणसं आणि पोती यांच्याऐवजी सात काटकुळ्या पोरी. उतारभर इंजिनाला डिझेल कमी, कारण गाडी न्यूटरलला. सगळीकडे पाय अलगद, कारण कागदाचा हुकूम. अ‍ॅव्हरेज वाढणारच होतं. डबीच्या जागी देव्हाऱ्यातली सुपारी ठेवली असती तरी वाढलं असतं.

बुधवारी हिंदीचा पेपर झाला. परत येताना घाटाच्या दुसऱ्या वळणावर समोरच्या काट्यांखाली एक लाल दिवा लागला. वळण संपलं, विझला. पुढच्या वळणाला पुन्हा लागला. मागून साक्षीने मान पुढे काढली. ही वर्गातली सगळ्यांत चौकस पोरगी.

"इसरूमामा, लाल लाइट लागला ना!"

"लागू दे. गाडी शिकून राह्यली," इसरू म्हणाला.

मुली फिदीफिदी हसल्या. कुणी म्हणाली गाडी दहावीत आहे का, कुणी म्हणाली कॉपी करू नको म्हणा तिला. मीही हसले. दिवा लागत होता आणि विझत होता, कागदात लिहिलं होतं तसाच. लुकलुकत होता.

जिवतीत हॉर्नची वायर सैल झाली म्हणून इसरूने चंदनच्या दुकानाशी गाडी थांबवली. चंदन हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, तोंडाने फटकळ, हाताने शहाणा. हॉर्न नीट करताना त्याला स्टिअरिंगखाली कुंकू लावलेली डबी दिसली आणि वर तो लाल दिवा.

"हे काय बसवलं बे? अन् हा लाइट काऊन लागून राह्यला? बोनेट खोल, पाहू दे मले."

"ते शिकून राह्यली," इसरू म्हणाला. "दोनशे किलोमीटर झाल्याबिगर हात नाई लावाचा. बाईनं इंग्रजी वाचून सांगतलं."

"बाईनं?" चंदन मोठ्याने हसला. "मंग बाईलेच दुकान देतो ना मी, चालवू दे त्यायले!"

हे मी ऐकलं. मुली मागे बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. माझ्या कानांतून वाफ निघाली. "इसरूभाऊ, चला," मी म्हटलं. "मुलींना घरी जाऊन अभ्यास करायचाय. इथे चेष्टा ऐकायला वेळ नाही आपल्याला."

इसरू चंदनकडे पाहत होता, मग माझ्याकडे. त्याने गाडी सुरू केली. बोनेट उघडायला किती वेळ लागतो? चहाचा घोट थंड होत नाही तेवढ्यात होतं ते.

शुक्रवारी इंग्रजीचा पेपर. माझा विषय, म्हणून मी सगळ्यांत जास्त ताणलेली. आठला निघालो. इसरू म्हणाला, एकशे चाळीस झाले, आज जाऊन येता येता दोनशे भरतात, मंग डबी पक्की. लाल दिवा आता विझत नव्हता. सपाटीवरही जळत होता.

"शिकणं संपत आलं वाटते," इसरू म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही. बोटाने दिव्याच्या काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "बाई, हा एकसारखा लागून हाये आता. कागदात लुकलुकते असं होतं ना?"

"हो. संपायच्या वेळी लागून राहत असेल." हे मी कुठून आणलं ते देव जाणे. कागदात असलं काहीही नव्हतं. "तुम्ही पुढे बघा. रिना, सांग, 'गो'चा पास्ट?"

"वेंट," रिना म्हणाली.

घाटाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. इसरूने गाडी थांबवून नेहमीसारखा हात जोडला. ब्रेक तेव्हा लागला होता. मला आठवतं, कारण नंतर मी तो क्षण हजारदा आठवला आहे. मग उतार सुरू झाला आणि त्याने गाडी न्यूटरलला टाकली.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यानंतर एक लांब सरळ उतार आहे, डावीकडे दरी, खाली सागाचे उघडे बुंधे. इसरूचा पाय हलला. पुन्हा हलला. मग भराभर तीनदा हलला. मी व्याकरण थांबवलं.

"काय झालं?"

मी खाली पाहिलं. त्याच्या चपलेखाली ब्रेकचं पॅडल खालच्या पत्र्याला टेकलं होतं, आणि वर येत नव्हतं. त्याने पायाच्या चवड्याने ते ओढून वर काढलं आणि पुन्हा दाबलं. पॅडल लोण्यासारखं खाली गेलं. थोडा ब्रेक लागला, गाडी किंचित अडखळली आणि मग सुटली.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "पोरीयले खाली बसवा."

"काय?"

"खाली! सीटच्या खाली!"

मी वळून ओरडले. कोण काय ओरडलं ते माहीत नाही. सात पोरी दोन बाकांच्या मध्ये एकमेकींवर कोसळल्या, दप्तरं, कंपास, पाण्याच्या बाटल्या सगळं एकत्र. साक्षीने रिनाचं डोकं आपल्या मांडीत दाबून धरलेलं मला दिसलं. गाडीचा वेग वाढत होता. न्यूटरलमधल्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. फक्त वारा होता आणि टायरांचा सूं सूं आवाज. त्या शांततेची मला आजही भीती वाटते.

इसरूने गिअर टाकायला घेतला. कर्रर्र करून दातावर दात घासल्यासारखा आवाज आला, गिअर पडला नाही. त्याने पुन्हा जोर लावला. पुन्हा कर्रर्र. डाव्या हाताच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. हँडब्रेक ओढला, जळका वास आला, गाडीचा मागचा भाग किंचित डोलला, एवढंच. तिसऱ्यांदा त्याने आधी अॅक्सिलेटर दाबला आणि गिअर हाणला. थर्ड पडला. इंजिन असं किंचाळलं की मला वाटलं फुटलं. मी पुढच्या काचेकडे फेकले गेले, दोन्ही हात समोर टेकले. वेग कमी झाला, पण तो थांबण्याइतका नव्हता. पुढे ते वळण होतं ज्याला डोंगरावरची माणसं फक्त 'मोड' म्हणतात, नाव घेत नाहीत.

"सेकंड," इसरू स्वतःशी म्हणाला. सेकंड पडला नाही.

वळणाला डावीकडे दरी आणि उजवीकडे डोंगर कापलेली दगडी भिंत होती. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे आम्ही दरीच्या काठाने होतो. डोंगर रस्त्याच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला. इसरूने हॉर्न दाबला, बुधवारी दुरुस्त केलेला तोच हॉर्न, आणि दाबूनच धरला. मग स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. रस्ता ओलांडून आम्ही चुकीच्या बाजूला गेलो. वळणाआडून काही येतंय का ते दिसत नव्हतं. एक ट्रक आला असता तर हे लिहायला मी नसते.

ट्रक आला नाही. भिंत आली. तिची बाजू होती उजवी, म्हणजे ड्रायव्हरची. त्याचा दरवाजा आधी घासला. पत्रा फाटल्याचा आवाज, ठिणग्या, धूळ, काचा. त्याने स्टिअरिंग सोडलं नाही. भिंत अंगावर येत असताना माणूस स्टिअरिंग उलट फिरवतो, हात आपोआप फिरतात. त्याचे फिरले नाहीत. त्याने गाडी भिंतीवर दाबून धरली, दहा पावलं, वीस पावलं, कोण जाणे किती, आणि शेवटी पुढचं चाक नालीत उतरलं आणि आम्ही थांबलो.

धुळीत काही दिसेना. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच! मी पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. मग बाकाखालून एक हात आला, त्यात कंपासपेटी होती, आणि रिनाचं तोंड दिसलं. तिच्या खाली साक्षी. साक्षीच्या भुवईवर फाटलं होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं, पण ती डोळे उघडे ठेवून बघत होती.

"सात आहेत," मी इसरूला म्हटलं. "सात आहेत हो. सगळ्या आहेत."

तो स्टिअरिंग आणि दरवाजा यांच्या मध्ये अडकला होता. उजवा हात खांद्यापासून जिथे असायला नको तिथे होता. चेहरा राखेसारखा.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"नऊ पाच."

"मंग बसून काऊन राह्यल्या? पेपर हाये ना!"

मी म्हटलं, पेपर गेला खड्ड्यात. आणि तो माणूस, ज्याने अकरा वर्षांत माझ्यासमोर कधी आवाज चढवला नाही, असा गरजला की वळणावरून आवाज परत आला. "पेपर नाई जाणार! गाडी थांबवा कोन्तीबी! जा म्हनलं ना!"

दहा मिनिटांनी कापसाचा एक मेटॅडोर घाट उतरत आला. आम्ही आठ बायका रस्ता अडवून उभ्या राहिलो. मेटॅडोरवाल्याने पाच मुली कापसावर आणि दोन पुढे बसवल्या. साक्षी हलेना. मामाला सोडून जात नाही म्हणाली. मी तिच्या कपाळाला रुमाल बांधला आणि तिला ढकलून चढवलं. इसरूने डाव्या हाताने समोरचा कप्पा उघडला आणि पेनांचं पाकीट माझ्याकडे दिलं. "द्या त्यायले. सांडले असतीन पेनं."

मी पेनं मुलींना दिली आणि इसरूजवळ थांबले. फाटक बंद व्हायला सात मिनिटं होती तेव्हा मुली आत गेल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. साक्षीने रुमाल बांधूनच पेपर लिहिला.

इसरूला दरवाजा उचकटून बाहेर काढलं, आधी गडचांदूरला, मग चंद्रपूरला नेलं. खांद्याचं हाड, तीन बरगड्या, दोन दात. दुसऱ्या दिवशी पोलिसांतले एक जमादार जबानी घ्यायला आले. मी खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, मंगली पायाशी. जमादार वाईट माणूस नव्हता, थकलेला होता.

"गाडीतलं ब्रेक ऑइल संपलं होतं. मागच्या चाकातून गळत होतं, तीन-चार दिवसांपासून. लाल लाइट ब्रेकचाच असते, तेल कमी झालं का आधी वळणावर लागते, तुले मालूम नाई? लागला नव्हता का?"

"लागला होता."

"मंग काऊन चालवत राह्यला?"

"मले वाटलं चिपचा हाये. कागदात लिवलं होतं."

"कागद इंग्रजीत हाये. कोनं वाचून सांगतला?"

इसरूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग वर पंख्याकडे.

"कोनं नाई. मीच वाचलो."

जमादार हसला. "तुले इंग्रजी येते?"

"थोडं थोडं. बाईच्या संगं गाडीत बसून बसून."

जमादाराने लिहून घेतलं. मी तिथेच बसले होते. दोन हात लांब. तोंड उघडायचं होतं, बस्स. रोज चाळीस मुलांसमोर उघडतं ते तोंड. नाही उघडलं. गावात मग जे व्हायचं ते झालं. इसरू येडा झाला, इंग्रजीचा मोठा साहेब झाला, पोरी मारल्या असत्या त्याने, असं लोक म्हणाले. ज्यांच्या पोरी त्याने अकरा वर्षं नेल्या, त्यांतलेही म्हणाले. त्या दिवशी न दिलेली जबानी मी आता देते आहे. त्याने विचारलं होतं, कोणता लाइट. मी सांगितलं नाही.

आठवडाभराने मी जिवतीला चंदनकडे गेले. मोडकी जीप त्याच्याच दुकानामागे आणून टाकली होती. डबी त्याने काढून टेबलावर ठेवली होती, कुंकू अजून तसंच. तो मला काही टोमणा मारेल म्हणून मी तयारीत होते. त्याने मारला नाही. पेचकसाने डबी उघडली.

आत तुरीच्या दाण्याएवढा एक काळा तुकडा, बाहेरून कुंकवाने झाकला गेलेला एक बारकासा हिरवा दिवा आणि सोल्डरिंगचे दोन-चार टाके. बस.

"हे पाहा बाई," चंदन म्हणाला. "डबीले सोळा दात हायेत. गाडीच्या काम्प्युटरशी बोलाचं तर ह्या दातायले तार पाहिजे. तारच नाई. करंट घेते अन् लाइट लुकलुकवते, अजून काई नाई करत."

"म्हणजे गाडीला काहीच होत नाही याने?"

"चांगलं नाई, वाईटबी नाई."

त्याने एक जुनी बॅटरी ओढली आणि दोन तारा डबीला टेकवल्या. गाडी नाही, इंजिन नाही, नुसतं टेबल. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. अगदी मन लावून.

"टेबल शिकून राह्यला," चंदन म्हणाला. पण त्यालाही हसू आलं नाही.

तो कागद इसरूच्या फाटलेल्या शर्टाच्या खिशात सापडला होता, मंगलीने मला दिला होता. चंदनच्या बाकड्यावर बसून मी तो पुन्हा वाचला. या वेळी एकेक शब्द, जसं मी पाचवीच्या पोरांना वाचायला लावते. शिकताना लाइट लुकलुकेल, आणि पुढे ते तीन शब्द: ऑन द डिव्हाइस. डबीवरचा. ठगाच्या त्या कागदातही एवढं एक वाक्य खरं होतं, आणि ते मी खोटं करून सांगितलं. मी तिथेच रडले. चंदनने पाठ फिरवून उगाच एक वायर सोलायला घेतली.

डिस्चार्जनंतर मी इसरूच्या घरी गेले आणि सगळं बोलून टाकलं, मंगलीसमोर. मंगली उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. इसरू म्हणाला, "मले मालूम होतं ना बाई. त्याच दिवशी मालूम होतं. मी इचारलो होतो." एवढंच. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही.

निकालात सातही मुली पास झाल्या. रिनाला इंग्रजीत बेचाळीस. इसरूचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. जीप चंदनने उभी केली, उजवा दरवाजा दुसऱ्या गाडीचा, रंग वेगळा. उतारावर गाडी गिअरमध्ये असते, आणि स्टिअरिंगखालची ती खाच रिकामी आहे.

परवा शाळा सुटल्यावर तो माझ्या दारात आला. हातात ब्रेक ऑइलचा नवा डबा. माझ्यासमोर वह्यांचा ढीग होता.

"बाई, यावर काय लिवलं हाये?"

मी वाचलं. "तेल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त नाही."

त्याने डब्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग विचारलं, "कोन्ती खूण?"

मी पेन ठेवलं, चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर रस्त्यावर गेले. त्याने डाव्या हाताने बोनेट उचललं. मी वाकले, तेलाची पांढरी डबी शोधली, तिच्यावरच्या वरच्या रेघेवर बोट टेकवलं आणि म्हटलं, "ही. हिच्यावर नाही जाऊ द्यायचं. आणि ही खालची, हिच्याखाली नाही."

इसरूने नीट पाहिलं. मग म्हणाला, "अजून एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.